पासवर्ड न विचारणारे गृहस्थ

इथे परदेशात, सेंगकांग उपनगरातल्या आमच्या इमारतीत सहाव्या मजल्यावर एक मराठी गृहस्थ राहतात. नोकरी तुआसच्या कारखान्यांच्या भागात, आणि शनिवारी शेजाऱ्यांचे कॉम्प्युटर दुरुस्त करायचा नाद. खिशात कायम एक पेनड्राइव्ह. तो लावला की कॉम्प्युटर त्याच्यावरूनच सुरू होतो आणि हे आत शिरतात. पासवर्डसुद्धा विचारत नाहीत. मला नेमकं तेच खटकायचं. किल्ली न मागता कुलूप उघडणाऱ्या माणसाला आपण एरवी काय म्हणतो?

पण माझा लॅपटॉप सुरूच होईना आणि वारलेल्या बाबांच्या आवाजाचं एकुलतं एक रेकॉर्डिंग त्यातच, म्हणून त्यांना बोलावलं. "थांब रे बाळा, घाई नको," ते लॅपटॉपला म्हणाले. मी तासभर त्यांच्या पाठीमागे उभा.

"अहो, बसा तरी. वॉचमन दिसताय," बायको कुजबुजली.

अखेर रेकॉर्डिंग सापडलं. "लावून खात्री करा. घरचं आहे, मी ऐकत नाही," म्हणत त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं आणि दोन्ही कानांत बोटं घातली.

बाबांचा आवाज खणखणीत आला, "अरे गधड्या, बटण तरी नीट दाबलंस का? आणि म्हणे इंजिनिअर!"

माझे डोळे भरून आले. गृहस्थांची बोटं कानांतच होती. खांदे मात्र गदगदा हलत होते.