आईचे आठ दिवस

माझी आई एकदा आठ दिवस घरातून नाहीशी झाली होती. कुठे गेली, कुणाकडे राहिली, कशासाठी गेली, यातलं मला काहीही माहीत नाही. या गोष्टीला चाळीस वर्षं होऊन गेली. हे सांगितलं की ऐकणारा पुढे सरकून बसतो आणि स्वतःचा अंदाज सांगायला लागतो. तुमचाही एव्हाना तयार झाला असेल. ठेवा तो तुमच्याजवळ.

मी तेव्हा अकरा वर्षांची होते, दादा चौदाचा. डोंबिवलीत दुसऱ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या होत्या. शाळेतून आले तर दाराला कुलूप आणि किल्ली शेजारच्या काकूंकडे. आत भात-आमटी झाकून ठेवलेली, आमचे गणवेश इस्त्री करून ठेवलेले आणि डब्याखाली चिठ्ठी: ‘काळजी करू नका. येते.’ बाबांनी तिच्या माहेरी माणूस पाठवला. ती तिथे नव्हती. नवव्या दिवशी दुपारी ती पिशवी घेऊन दारात उभी राहिली, मोरीत जाऊन पाय धुतले आणि विचारलं, “दूध तापवलं का कुणी?”

गेली त्या सकाळी डब्यावरून माझं तिच्याशी भांडण झालं होतं. मी तिला म्हणाले होते, “तू नसलीस तरी आमचं काही अडत नाही.” हे मी कुणाला सांगितलं नाही. पण ती माझ्यामुळे गेली का, हा एकच प्रश्न मला या सगळ्यात होता आणि अजून आहे.

आता बाबांविषयी. ते मानपाड्याजवळच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते आणि जगातली न सुटलेली कोडी हा त्यांचा छंद होता. कुणालाच वाचता न आलेल्या लिप्या, माणसांसकट गायब झालेली जहाजं, ज्यांचा कर्ता सापडत नाही अशा पोथ्या, मागचा जन्म सांगणारी मुलं. कात्रणं कापून ते फायलीला लावायचे. रविवारी सकाळी त्यांचे तीन मित्र यायचे आणि आमच्या गॅलरीत बसून इतिहासाचा निकाल लावायचे. कोडं सुटत नाही म्हणजे शोधणारा कमी पडतो, असं बाबा ठासून सांगायचे. आई आतून चहा आणून द्यायची.

अशा माणसाच्या घरातच कोडं येऊन बसलं. बाबांनी आरडाओरडा केला नाही, हात उगारला नाही. त्यांनी तपास सुरू केला. जेवता जेवता सहज विचारल्यासारखं करत म्हणायचे, “तिकडचं पाणी जड होतं का गं?” आई म्हणायची, “कुठलं?” आणि त्यांना पोळी वाढायची. ते तिच्या साड्यांचा वास घ्यायचे. तिच्या चपलेला लागलेली माती त्यांनी खरवडून कागदाच्या पुडीत बांधली आणि कामावरच्या कुणाकुणाला दाखवली. तू का गेलीस, तुला इथे काय होत होतं, असं मात्र त्यांनी एकदाही विचारलं नाही. ते फक्त ठिकाण शोधत राहिले.

आत्या त्यांच्याही पुढची. ती कोकणात आमच्या गावी गेली आणि तिने देवाला कौल लावला. गुरव देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवतो, आपण प्रश्न विचारायचा, उजवीकडची पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. आत्याने भरल्या देवळात विचारलं, “आमच्या वहिनीचं बाहेर कुणी आहे का?” दुपार झाली तरी एकही पाकळी पडली नाही. गुरवाने पाकळ्या जास्तच दाबून लावल्या, असं म्हणत आत्या रागारागाने परत आली. आई भाजी चिरत होती. सगळं ऐकून म्हणाली, “देव तुमच्यापेक्षा शहाणा निघाला.”

माझ्या लग्नाच्या आदल्या आठवड्यात मी तिला सरळ विचारलं. ती चिडली नाही. म्हणाली, “तेवढे आठ दिवस माझे आहेत. बाकीचे सगळे तुम्हीच घेतलेत की.” मला राग आला. पण नंतर मी एकतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला आणि हळूहळू तिच्या बाजूची झाले. जिथे पुरावा नाही तिथे ‘माहीत नाही’ असं लिहिलंत तर पूर्ण गुण देईन, असं मी मुलांना सांगायचे. त्यावरून मुख्याध्यापकांनी मला दोनदा बोलावून झापलं. मी दोन्ही वेळा नाही ऐकलं. थापा मारून भरलेल्या पानापेक्षा कोरी जागा बरी, असं माझं मत होतं आणि आहे.

बाबा गेले तेव्हा कपाट आवरताना त्यांच्या फायली निघाल्या. लिप्यांची, जहाजांची, आणि एक आईची. आत अकरा शक्यता क्रमांक घालून लिहिलेल्या, समोर बारीक अक्षरात शेरे. सातव्या शक्यतेपुढे ‘बहुधा नाही’. शेवटी ती पुडी: ‘तांबडी माती, डावी चप्पल’. माझ्या अंगाची लाही लाही झाली. तेहतीस वर्षं हा माणूस जिच्या हातचं जेवला, तिला त्याने एखाद्या शिलालेखासारखं नुसतं वाचायचा प्रयत्न केला. मी माती गॅलरीतल्या कुंडीत ओतली आणि कागद फाडले. दादा ओरडला, “अगं, पुरावा होता तो!” मी म्हटलं, “कसला पुरावा? गुन्हा काय झालेला?”

आता आई एक्याऐंशीची आहे आणि माझ्याकडे असते. दोन वर्षांपूर्वी ठाण्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं की तिची स्मृती हळूहळू जाणार. सकाळचं तिला दुपारी आठवत नाही. दादा माजिवड्याहून दर रविवारी येतो. गेल्या महिन्यात आला आणि आईसमोर टीपॉयवर त्याने फोन ठेवला, रेकॉर्डिंग सुरू करून. आई भिजवलेले वाल सोलत होती.

“काय करतोयस?” मी विचारलं.

“अगं, आता विचारलं तर सांगेल ती. आता तिला लपवायचं सुचत नाही.”

मी फोन उचलून बंद केला आणि परत टीपॉयवर ठेवला.

“तुला नको का कळायला?” तो म्हणाला.

“हवंय. तुझ्यापेक्षा जास्त हवंय.”

“मग प्रॉब्लेम काय आहे तुझा?”

“डोकं ठिकाणावर असताना तिने नाही म्हटलंय, दादा. बाबांना म्हटलंय, देवाच्या दारात जाऊन आलेल्या आत्याला म्हटलंय, मला म्हटलंय. आता ती थकली म्हणून तिचा नकार रद्द होत नाही. माझ्या घरात तर नाहीच.”

आमचा आवाज चढला होता. आईने वालाचं ताट बाजूला केलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “मी एकदा कुठेतरी गेले होते ना गं? कुठे गेले होते?”

ती खरंच विचारत होती. ते ठिकाण तिच्याकडूनही गेलं होतं. मला रडू आलं, कारण माझ्या प्रश्नाचं उत्तर जगात जिथे होतं तिथून आता ते पुसलं गेलं होतं. काहीतरी छानसं रचून सांगावं, असं क्षणभर वाटलं. पण तिच्या आठ दिवसांत मीही हात घालणार नव्हते.

“मला माहीत नाही, आई. तू सांगितलं नाहीस.”

“का नाही सांगितलं?”

“तुझी मर्जी.”

तिने वालाचं ताट परत पुढे ओढलं. मग म्हणाली, “आणि परत का आले?”

चाळीस वर्षांत हे आमच्यापैकी एकालाही सुचलं नव्हतं. बाबांना नाही, आत्याला नाही, मलाही नाही.

“तेही माहीत नाही,” मी म्हटलं. “पण तुला आणायला कुणी आलं नव्हतं. कुणाला पत्ताच नव्हता.”

“म्हणजे माझी मीच आले,” आई म्हणाली, आणि दादाकडे अशी रोखून बघत राहिली की त्याने फोन उचलून खिशात घातला.