पंचवीस म्हणजे एक इंच

भिलाईतला तो सोमवार आठवला की आजही तळहाताला घाम सुटतो... पोलादाचा कारखाना तेव्हा अर्धाच उभा राहिला होता आणि मी तिथल्या ट्रेनिंग शाळेत शिकाऊ फिटर होतो.

कॉलेजात जायची घरची ऐपत नव्हती. पण शाळेचं प्रॅक्टिकल पास झालं की संध्याकाळच्या डिप्लोमा वर्गात जागा मिळायची, आणि डिप्लोमावरून पुढे इंजिनिअरिंगची डिग्री. मला दुसरी वाटच नव्हती.

त्या सोमवारच्या परीक्षेचा जॉब, म्हणजे करून दाखवायचं काम, साधं होतं. लोखंडी पाटीत पंचवीस मिलिमीटरची खाच घासायची, शिकवणाऱ्या सरांचा पंचवीसचा ठोकळा तिच्यात घट्ट बसला पाहिजे. शाळेच्या मोजपट्टीसाठी रांग लागलेली, म्हणून मी खिशातली बाबांची पट्टी काढली.

बाबा दुर्गला रेल्वेत फिटर, त्यांचं सगळं जग इंचात. पंचवीस म्हणजे एक इंच, हे त्यांनीच शिकवलेलं. मी शहाण्याने बरोब्बर एक इंच खाच घासली.

सरांनी ठोकळा टाकला... आणि तो खडखडला. इंच पंचवीसहून केसभर जास्त असतो, आणि घासून गेलेलं लोखंड परत कुठून आणणार?

सर आमच्या नागपूरकडचेच. "हे माप कोनं शिकवलं रे तुले?"

"कोनीच नाई सर." बाबांचं नाव घ्यायची छातीच झाली नाही.

नापास! आता सहा महिन्यांनी एकच शेवटची संधी. दुर्गपर्यंत सायकलवर रडत आलो... बाबांचा हात भारी होता, आणि त्यांच्या मापाला चूक म्हणायची हिंमत तर त्यांच्या साहेबांचीही नव्हती.

घरी अडखळत सगळं सांगितलं आणि डोळे मिटून थपडेची वाट पाहिली.

थप्पड आलीच नाही. डोळे उघडले तर बाबांचा चेहरा पांढराफटक. माझ्याहून जास्त तेच घाबरले होते.

"तुह्या सराले माहं नाव सांग. चूक माही होय," ते म्हणाले. मग, "अन् मले बी शिकव ना ते मिलिमीटर..."

सहा महिन्यांनी ठोकळा बसला. डिप्लोमा झाला, पुढे डिग्रीही झाली. पण त्या संध्याकाळी बाबांनी हात उचलला असता, तर मी त्या शाळेची पायरी पुन्हा चढलोच नसतो.