काळाचौकीहून बोलतोय

जेवण कसं झालंय असं वहिनींनी विचारलं की त्यांचे यजमान, आमचे शेजारी भाऊ, घास गिळून, डोळे किंचित मिटून सांगत, "पाच-नऊ." म्हणजे फर्स्ट क्लास. आमटीत मीठ कमी पडलं असेल तर "पाच-सात". एकदा वहिनींच्या माहेरच्या पाहुण्यांनी आमच्या गॅलरीत भजन म्हटलं आणि "कसं वाटलं?" म्हणून विचारलं. भाऊंनी प्रामाणिकपणे सांगितलं, "दोन-तीन." पाहुण्यांना वाटलं, अजून दोन-तीन म्हणा असं म्हणतायत. त्यांनी म्हटली.

हे आकडे हौशी रेडिओवाल्यांचे. ही मंडळी रेडिओ विकत नाहीत की दुरुस्त करत नाहीत. सरकारी परवाना काढून घरातल्या यंत्रावरून जगातल्या आपल्यासारख्याच हौशी माणसांशी बिनतारी बोलतात. समोरच्याचं बोलणं किती कळतंय याला पाचपैकी गुण आणि आवाज किती जोरात येतोय याला नऊपैकी.

काळाचौकीच्या आमच्या चाळीत त्यांची खोली माझ्या खोलीला लागून होती. ते गिरणीत वायरमन, मी टेलिफोन खात्यात ऑपरेटर. सगळी चाळ त्यांना भाऊ म्हणायची, मीही भाऊच म्हणत असे.

गिरण्यांचा संप सुरू झाला आणि चाळीतले पुरुष एकाएकी दिवसभर घरात दिसायला लागले. आधी सभा आणि मोर्चे झाले, मग पत्ते, मग नुसतंच कठड्याला टेकून उभं राहणं. कितीतरी बिऱ्हाडं कोकणात गावाला निघून गेली. वहिनींनी जेवणाचे डबे करायला घेतले. भाऊंना पत्ते येत नव्हते आणि गावाला शेत नव्हतं. शीवला नौदलातून निवृत्त झालेले एक तारमास्तर राहत. त्यांच्याकडे भाऊ रोज चालत जायला लागले आणि टिंब-रेघांची ती मोर्सची भाषा शिकून आले. मग भिंतीपलीकडून दिवसभर टिक टिक टिक सुरू झालं.

"टेलिफोनवाल्या ताई," वहिनी भाकरी थापता थापता मला हाक मारत, "अख्खी गिरणी बंद पडली, पण ह्यांचा खटखटाट काय बंद होत नाय. तुमच्या खात्यात असले खुळे असतात काय हो?"

मी एकदा भाऊंनाच विचारलं, हे कशासाठी? ते म्हणाले, "हात दिवसभर रिकामा राहिला ना ताई, की त्याची मूठ होते. त्यापेक्षा टिकटिक बरी."

भाऊ परवान्याची परीक्षा पास झाले. पण परवान्याआधी पोलीस चौकशी असते, हे त्यांनी चाळीत कुणालाच सांगितलं नव्हतं. दिवस कसले ते आठवा. हवालदार चाळीच्या दारात उभा राहून नाव-आडनाव विचारतोय म्हटल्यावर आमच्या लोकांना एकच अर्थ सुचला: संपवाल्यांची धरपकड. खालच्या गड्यांनी ठणकावून सांगितलं, असा कुणी इथं राहत नाही. वर दोघांनी भाऊंना बनियन-लेंग्यावरच उचललं, माझ्या मोरीत कोंबलं आणि पडदा ओढला. एवढा वेळ डब्यांच्या गडबडीत असलेल्या वहिनी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, ते गावाला गेले. दुसऱ्या मजल्यावरच्या एकाने तर भावनेच्या भरात ते वारल्याचंच सांगून टाकलं.

मी सरकारी नोकर. माझ्या शब्दाला वजन, म्हणून सगळ्यांनी मला पुढे केलं. मी दार अडवून उभी राहिले आणि म्हटलं, "साहेब, मी इतकी वर्षं शेजारी राहते. असं नाव मी ऐकलेलंसुद्धा नाही."

मागे मोरीतून दबका आवाज, "अहो ताई, माझ्याच कामाला आलाय तो! सोडा मला!" आणि त्यावर कुणीतरी तोंड दाबल्याचा आवाज.

हवालदार वहीत काहीतरी खरडून निघून गेला. भाऊ सुटले ते अनवाणी जिना उतरून नाक्यापर्यंत धावले. मागे अर्धी चाळ, त्यांना वाचवायला. नाक्यावर त्यांनी हवालदाराचा हात धरला. "साहेब, मीच तो. इथंच राहतो. आई शपथ राहतो."

हवालदाराने त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "एवढी माणसं नाही म्हणतायत, आणि तुम्ही एकटेच होय म्हणताय. तुमच्या चाळीत मेलेली माणसं लई पळतात हो." मग माझ्याच घरात बसून त्याने चहा घेतला आणि चौकशी पुरी केली. चहा देताना माझी मान वर झाली नाही.

परवाना आला तोवर संप विरून गेला होता. कुणी जाहीर केलं नाही की तो संपला. भाऊंची गिरणी काही उघडली नाही. ते इमारतींच्या वायरिंगची कामं करायला लागले आणि उरलेल्या वेळात लॅमिंग्टन रोडच्या भंगारातून एकेक भाग आणून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात यंत्र बांधायला लागले. गच्चीवरून समोरच्या चाळीच्या कौलांपर्यंत तांब्याची तार गेली. तिच्यावर कावळे बसत आणि खालच्या बायका भाऊंना बोल लावत.

पहिल्यांदा ते बोलले ती वेळ त्यांनी चुकीची निवडली. गणपतीचे दिवस, खाली मंडपात संध्याकाळची आरती. टाळ थांबले, पुजाऱ्याने तबक उचललं आणि गणपतीच्या दोन्ही बाजूंच्या कर्ण्यांतून खणखणीत आवाज आला, "सी क्यू, सी क्यू! धिस इज व्हिक्टर युनिफॉर्म टू... फ्रॉम काळाचौकी, बॉम्बे. इज एनीबडी लिसनिंग?" कुणी ऐकत असेल तर बोला, अशी ती हाक, आणि व्हिक्टर युनिफॉर्म हे परवान्याबरोबर मिळालेलं भाऊंचं खुणेचं नाव. भाऊंच्या यंत्राने मंडपाच्या अॅम्प्लिफायरमध्ये शिरकाव केला होता.

पहिल्या मजल्यावरच्या आक्का पुढेच बसल्या होत्या. त्यांनी हात जोडले. "गे बाय माझे! देव इंग्लिश बोलाक लागलो!"

मंडळाचे कार्यकर्ते दोन-दोन पायऱ्या गाळत वर धावले. तेव्हापासून आरतीच्या वेळी भाऊंचं यंत्र बंद असे. आक्का मात्र पुढे कितीतरी दिवस कर्ण्याकडे कान लावून बसत.

हळूहळू जग त्यांना उत्तर द्यायला लागलं. जपान, बल्गेरिया, फिनलंड. बोलणं झाल्याची खूण म्हणून तिकडून छापील कार्डं येत. भिंतीला जिथं ओल आली होती तिथं भाऊ ती चिकटवत. पण एवढ्या लांबच्या माणसांशी ते बोलत काय?

"हवा," ते म्हणाले. "तिकडे काय हवा, इकडे काय हवा."

"एवढ्यासाठी हा खटाटोप?"

"ताई, तुमच्या टेलिफोनवर ओळखीच्या माणसाशीच बोलता येतं. इथं अनोळखी माणूस आपण होऊन त्याची हवा सांगतो."



इराकचं सैन्य कुवेतमध्ये शिरलं तेव्हा आक्कांचा मुलगा बाबू तिथं एका हॉटेलात आचारी होता. मी ऑफिसात कानाला हेडफोन लावून बसत होते आणि तिकडच्या सगळ्या लाइनी मुक्या. घरी आले की आक्का जिन्यात उभ्या. मी मान हलवायची, त्या पदर सावरून आत जायच्या. शेवटी त्या भाऊंच्या दारात गेल्या.

भाऊ गडबडले. नियमाप्रमाणे परक्याचे निरोप पोचवता येत नाहीत, असं त्यांनी सांगून पाहिलं. आक्का उंबऱ्यावर बसून राहिल्या. भाऊंनी तारमास्तरांना जाऊन विचारलं. ते म्हणाले, जिवाचा प्रश्न असेल तर नियम आपलं तोंड बंद ठेवतो. मग भाऊ कामाला जायचे थांबले. सकाळपासून त्यांचं सुरू होई, "एनी स्टेशन निअर कुवेत." आवाज बसला. वहिनी मीठ घातलेलं गरम पाणी यंत्राशेजारी ठेवून जात. एरवी भाऊंबरोबर पोचवायचे डबे आता त्या एकट्याच घेऊन निघत.

सायप्रसच्या एका माणसाने त्यांची हाक धरली. त्याने ती जॉर्डनमध्ये कुणाला दिली, तिथं वाळवंटातून सुटून आलेल्या लोकांच्या छावण्या होत्या. पुढे ती कुणाकुणाच्या तोंडून गेली देव जाणे. आठवडा उलटल्यावर एका दुपारी भाऊंनी भिंतीवर धपाधप थाप मारली. मी गेले. आक्का आल्या. मागोमाग चाळ आली. सायप्रसवाला खरखरीतून इंग्रजीत बोलत होता आणि भाऊ एकेक शब्द मराठीत करत होते.

"बाबू... ठीक. जेवतोय. आईला सांगा..." भाऊ थांबले. पुन्हा विचारलं. पुन्हा तेच आलं. "आईला सांगा, लोणचं गेलं."

कुणाला काही कळेना. भाऊ ओशाळले. "इतक्या तोंडांतून आलंय आक्का, मधे काहीतरी चुकलं असणार."

आक्कांनी कपाळावर हात मारला. "बरणी फोडल्यान आसतली मेल्यान! पळताना लोणच्याची बरणी कोण घेता? माझोच झील तो!" आणि हसता हसता त्या अशा रडल्या की त्यांना दोघींनी धरून खाली न्यावं लागलं.

भाऊ यंत्राकडे तोंड करून बटणं फिरवत राहिले. सायप्रसवाला केव्हाच गेला होता.

पुढे बाबू आला, तो सांगण्यासारखा जाड होऊन आला. गिरणीच्या जागी काचेची इमारत उभी राहिली. भाऊंची मुलगी नोकरीला लागली आणि तिने घरात कॉम्प्युटर आणला. त्यावर जगभरच्या हौशी रेडिओवाल्यांचे क्लब निघाले. कुणाचं खुणेचं नाव टाइप केलं की त्याचा फोटो आणि गाव समोर. भाऊंनी फिनलंडचा आपला जुना मित्र काढून बघितला आणि खट्टू झाले. "हा एवढा म्हातारा? आवाज तर तरण्याताठ्याचा." मुलीने त्यांचाही फोटो तिथं लावते म्हटलं. "नको," ते म्हणाले, "त्याची पण निराशा कशाला?"

मुंबईतल्याच एका क्लबात ते दर रविवारी सकाळी यंत्रावरून हजेरी लावत. तिथल्या कुणाच्या घरी कधी गेले नाहीत, कुणाला बोलावलं नाही. घरातही ते कमीच बोलत. वहिनी म्हणत, "ह्यांचं सगळं बोलणं परदेशात खर्च होतं."

मागच्या वर्षी ते गेले. झोपेतच, फार त्रास न होता.

तेराव्यानंतर एका सकाळी तीन वयस्क गृहस्थ चाळीत आले. एक दादरचे, एक गिरगावचे, एक शीवचे, तारमास्तरांच्या नंतरच्या पिढीतले. क्लबातले. आत येऊन त्यांनी हार घातलेल्या फोटोला नमस्कार केला आणि एकमेकांकडे पाहिलं. दादरच्यांनी मला हळूच विचारलं, "हेच का ते? आम्हाला वाटलं होतं, चांगले धिप्पाड असतील."

मग गिरगावचे गृहस्थ वहिनींकडे वळले आणि फार आपुलकीने म्हणाले, "वहिनी, गुडघा कसा आहे आता?"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी मुलीकडे.

"दर रविवारी सांगायचे ना," शीवचे म्हणाले. "आधी हवा, मग तुमचा गुडघा. जिना चढताना कुठल्या पायरीवर थांबलात, तेसुद्धा."

मुलीने कॉम्प्युटरवर जगभरच्या क्लबचं पान उघडलं. भाऊंच्या नावाखाली जगभरातून लोकांनी लिहिलं होतं. ती एकेक मराठीत सांगायला लागली. फिनलंडवाल्याने दुःख कळवलं होतं आणि त्याने सुचवलेल्या तेलाने वहिनींना आराम पडला का, असं विचारलं होतं. बल्गेरियाच्या बाई विचारत होत्या, तापलेल्या वाळूचा शेक चालू आहे ना? जपानी माणसाने पाय कसा उचलावा त्याचं चित्रच काढून लावलं होतं.

वहिनी ऐकत होत्या. मग मला म्हणाल्या, "मला कधी विचारलं नाय हो त्यांनी, दुखतोय का म्हणून. कसलंसं तेल आणून ठेवायचे. कधी वाळू तापवून फडक्यात बांधून द्यायचे. मी म्हणायची, कुठून शिकून येतात हे?"

वहिनींनी डोळ्यांना पदर लावला, मग मुलीकडे वळल्या. "लिही त्यांना सगळ्यांना. गुडघा बरा आहे म्हणावं. एकदम बरा."

आणि दोन्ही हात भिंतीला टेकून, "आई गं" म्हणत, त्या पाहुण्यांसाठी चहा टाकायला उठल्या.