अठरावी खोली

त्या दुपारी सावद्यात लाईट गेली नव्हती. ती मी घालवली होती. पडवीतल्या मेन स्विचचा काळा खटका, त्याच्यावर बसलेली पिठासारखी धूळ आणि तो खाली ओढताना बोटांना जाणवलेला जडपणा... इतक्या वर्षांनंतरही तो माझ्या हातातून गेलेला नाही. मी बारा वर्षांचा होतो, नंदी नऊची.

त्या उन्हाळ्यात मामा महिनाभरासाठी एक कॉम्प्युटर आमच्या घरी ठेवून गेला होता. मुंबईहून कुणाकडून तरी जुना म्हणून आणलेला, वहीएवढा, काळा, आणि त्याची बटणं रबरी – खोडरबरासारखी मऊ. तो घरच्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीला जोडायचा, टेपरेकॉर्डरमध्ये कॅसेट घालायची आणि पाच-सहा मिनिटं नुसता आवाज ऐकत बसायचं. पत्र्यावर दोन मांजरं भांडावीत तसा तो कर्कश आवाज आम्हाला मात्र सनईसारखा वाटे. मे महिन्याची दुपार, खिडकीला ओल्या गोणपाटाचा पडदा, त्या ओल्या तागाचा वास, खाटेखाली पिकत घातलेल्या केळ्यांचा गोडूस दर्प, आणि तापलेल्या प्लास्टिकचा एक नवाच वास – तो वास म्हणजे आमची सुट्टी होती.

खेळ मोठा निर्दय होता. टोपी घातलेला एक बुटका माणूस – आम्ही त्याचं नाव गणू ठेवलं होतं – फळ्यांवरून उड्या मारत किल्ल्या गोळा करायचा. वरून कावळे यायचे, समोरून रांजण गडगडत यायचे. गणूला जीव तीनच. ते संपले, किंवा मध्येच लाईट गेली, की पुन्हा पहिली खोली, पुन्हा पहिली उडी. अशा अठरा खोल्या, आणि अठराव्या खोलीत एक दार. त्या दारापलीकडे काय आहे हे मामालाही माहीत नव्हतं. "कोणी पोचलं तर मला कळवा," असं तो जाताना हसून म्हणाला होता. मी पोचणार, याबद्दल मला शंका नव्हती.

पण मी घाई करायचो. नंदी करायची नाही. सागरगोटे झेलणाऱ्या तिच्या हातांना वेळ कळत होती. ओठांतल्या ओठांत ती म्हणायची, "दोन पावलं... थांब... उडी." मी अकराव्या खोलीत मरायचो, ती चौदाव्यात. मग पंधराव्यात. मी तिला म्हणायचो, "नशीब गं तुझं." ती म्हणायची, "मग तू पण नशीब लाव ना, भाऊ."

आणि एका दुपारी ती सतराव्या खोलीतून बाहेर पडली. शेवटचा एकच जीव उरला होता. पडद्यावर अठरावी खोली उघडली, आम्ही कधीच न पाहिलेली. कोपऱ्यात ते दार. नंदीचा श्वास थांबलेला, जीभ दातांत धरलेली. "भाऊ, बघ... बघ ना!" ती मला हाक मारत होती. तिला ते दार माझ्यासोबत बघायचं होतं. आणि मी उठलो, पडवीत गेलो आणि खटका खाली ओढला.

"गेली लाईट!" मीच ओरडलो. कूलर घरघरत थांबला. आतून आई झोपेतच पुटपुटली, "गेली का ओ माय..." आमच्याकडे लाईट जाणं इतकं रोजचं, की कुणाला संशयही आला नाही.

नंदी अनवाणीच धावत सुटली. गल्लीच्या टोकाला वायरमन नाना राहायचे. शिंदखेड्याकडचे, बोलणं अहिराणी, सायकलला शिडी बांधलेली. मी मागोमाग धावलो. नाना बनियनवर, झोपेतून उठून दारात आले.

"दोन मिनिटं थांबता नाही आलं का तुम्हाले?" नंदी हुंदके देत ओरडली. "अठरावी खोली होती, नाना!"

नानांच्या दाराचा पडदा आतल्या पंख्याच्या वाऱ्याने हलत होता. तो मला दिसत होता. रडणाऱ्या नंदीला काहीच दिसत नव्हतं. नानांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि त्या उंच, मिशीवाल्या माणसाने नऊ वर्षांच्या पोरीपुढे दोन्ही कान धरले.

"चुकनं मनं, बेटी. आते तुले इचारीसनच बंद करसू."

मी तिच्या पुढे घरी पळालो, खटका वर केला आणि "आली रे आली!" म्हणून ओरडलो.

नानांनी शब्द पाळला. पुढचे चार दिवस, मामा येऊन कॉम्प्युटर घेऊन जाईपर्यंत, दुरुस्तीसाठी लाईन बंद करायची असली की गल्लीत सायकलची घंटी वाजायची. "नंदाबाई, बंद करू का?" आणि खिडकीतून नंदीचा रुबाबदार आवाज यायचा, "थांबा नाना, तेरावी चालू आहे!" नाना शिडीला टेकून थांबायचे. शेजारणी हसायच्या, "आता हिच्या परवानगीनं लाईट चालणार!" गणू मेला की नंदी हात हलवायची, मग नाना खांबावर चढायचे. सगळी गल्ली त्या चार दिवसांत खूश होती... नंदी तर राणीच झाली होती. अठरावी खोली मात्र पुन्हा आली नाही. आणि ती घंटी वाजली की मी न्हाणीघरात जाऊन उभा राहायचो.

आधी माराच्या भीतीने बोललो नाही, नंतर लाजेने. आणि मग इतकी वर्षं गेली, की बोलायला तोंडच उरलं नाही.

गेल्या हिवाळ्यात धुळ्याला लग्नासाठी गेलो असताना नंदीच म्हणाली, "शिंदखेडा जवळच आहे, नानांना भेटून येऊ." ओट्यावर ऊन खात बसलेले नाना आता वाळून लहान झाले होते, पण नंदीला बघताच म्हणाले, "नंदाबाई, बंद करू का?" आम्ही तिघेही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. त्या हसण्यातच माझा बांध फुटला. मी सगळं सांगितलं. खटका, पडवी, सगळं.

नाना जराही चकित झाले नाहीत. "माले तवाच समजनं, भाऊ. बठ्ठी, पुरी गल्लीनी लाईट चालू व्हती. मना पंखाबी फिरी राहिंता."

"मग माफी तुम्ही का मागितली, नाना?"

"पोर रडी राहिंती ना," नाना म्हणाले. "कोनी तरी 'चुकनं' म्हनाले पाहिजे व्हतं."

नंदी माझ्याकडे वळली. पन्नाशीकडे झुकलेली माझी बहीण, केसांत चांदी, आणि डोळे अगदी त्या दुपारचे. "अठरावी खोली होती रे, भाऊ!" तिने माझ्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला.

मी दोन्ही कान धरले.

"चुकलं माझं, नंदे," मी म्हणालो.