डबल बेल

माझे वडील, आप्पा, निवृत्त होईपर्यंत सरकारी लाल बस चालवत होते. नाशिक-वणीचा रस्ता त्यांना डोळे मिटूनही जमला असता, पण आयुष्यात त्यांनी डोळे मिटून काही केलं नाही. एकही अपघात केला नाही म्हणून मिळालेला त्यांचा बिल्ला अजून आमच्या देवघरात आहे, गणपतीच्या शेजारी. आई होती तोवर ती दोघांनाही हळदकुंकू लावायची.

निवृत्तीनंतर आप्पांच्या हाती राहिली एक स्कूटर, आणि तिच्यावर मागे बसणारी माझी नऊ वर्षांची लेक. पंचवटीतल्या आमच्या गल्लीतून तिला शाळेत सोडायचं आणि आणायचं, हे काम त्यांनी मागून घेतलेलं. त्यात मला लुडबुड करायची सोय नव्हती.

पण मला भीती वाटू लागली होती. एकदा मी स्कूटरवर त्यांच्या मागे बसले होते. भाजीबाजारापाशी एक म्हातारी कोथिंबिरीची पाटी घेऊन आडवी आली. आप्पांना ती दिसली, "अगं बाई!" असं ते म्हणालेसुद्धा, आणि ब्रेक लागला तो त्यानंतर. म्हातारी थोडक्यात वाचली. घरी आल्यावर मी अवाक्षर काढलं नाही. ज्यानं जन्मभर माणसं सुखरूप घरी पोचवली, त्याला 'आता गाडी चालवू नका' असं कोणत्या तोंडानं सांगायचं? मी मुलखाची भित्री. रोज सकाळी दोघांना हात करायचे आणि "सोडलं गं" असा आप्पांचा फोन येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसायचा.

त्याच दिवसांत लेकीला मोबाइलवरच्या गाड्यांच्या खेळाचं वेड लागलं. त्यात धडकलं की लगेच नवी कोरी गाडी मिळते. पोरगी सायकलही तशीच चालवू लागली. कोपऱ्यावर न बघताच वळायची. गुडघा फुटला तर म्हणाली, "मग काय, परत स्टार्ट करायचं!" मी संतापून मोबाइल कपाटात टाकला. आप्पांनी तो काढला.

"बघू तर दे, काय हाय त्यात," म्हणाले.

लेकीनं त्यांना बसचा खेळ लावून दिला. पडद्यावर घड्याळ पळायला लागलं. आप्पा ढिम्म.

"आजोबा, चला ना! वेळ संपतेय!"

"मास्तर, बेल कुठंय?"

बसमध्ये कंडक्टरला मास्तर म्हणतात. त्यानं दोरी एकदा ओढली, एक बेल, की गाडी थांबते. दोनदा ओढली, डबल बेल, की निघते. माणसं चढली, दार लागलं, हे बघूनच कंडक्टर डबल बेल देतो, आणि ती मिळाल्याशिवाय आप्पांनी कधी गाडी हलवली नव्हती. मग खेळात तरी का हलवतील? शेवटी लेक "टिंग टिंग!" ओरडली, तेव्हा कुठे बस निघाली.

रोज संध्याकाळी दोघांची ड्यूटी सुरू झाली. आप्पा वळणावर अंगासकट झुकायचे. रिकाम्या स्टॉपवरही थांबायचे, म्हणायचे, "कुणी पळत येत असंल." गुण कायम शून्य. लेक हसून गडाबडा लोळायची. पण पंधरवड्यात मी एक पाहिलं. गल्लीच्या कोपऱ्यावर तिनं सायकल थांबवली, दोन्हीकडे बघितलं, स्वतःशीच "टिंग टिंग" म्हणाली आणि मगच वळली. या खेळांनी पोरं वाया जातात, असं मी शेजारणीला तावातावानं सांगून बसले होते. आता ती दिसली की विषय बदलते.

मग एका रविवारी खेळात बससमोर बोकड आला. धडक झाली.

"ह्याचा ब्रेक ढिला हाय," आप्पा म्हणाले.

"नाचता येईना अंगण वाकडं," मी चिडवलं.

त्या खेळात धडक झाली की तीच पुन्हा सावकाश दाखवतात. आप्पांनी ती पाहिली. पुन्हा खेळले. पुन्हा बोकड, पुन्हा धडक. तिसऱ्यांदाही तेच. लेक मात्र त्याच जागी सहज थांबली. आप्पांनी चष्मा धोतराच्या सोग्याला पुसला आणि म्हणाले, "माझंच लाव गं परत." पूर्वी गाडी काढण्याआधी एकेक चाक बघत बसभोवती फिरायचे, तसे ते त्या सावकाश सरकणाऱ्या चित्राकडे बघत होते. मला मग चिडवावंसं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा भरत होते. आप्पांनी स्कूटरची किल्ली डब्याशेजारी ठेवली.

"बोकड दिसला होता मला. तिन्ही येळा दिसला. हात उशिरा गेला." मग म्हणाले, "त्या कोथिंबिरीवालीच्या येळीबी तसंच झालं. तू बोलली नाय, पण मला कळलं होतं. पोरगी मागं बसती माझ्या. आता तू ने तिला."

इतके महिने जे माझ्याच्यानं बोलवलं नाही, ते त्यांनी उभ्या उभ्या उरकलं. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली. उशिरा येते असं मी कामावर कळवलं.

लेकीला मागे बसवून मी स्कूटर सुरू केली. आप्पा लोखंडी गेटपाशी उभे होते.

"आई, थांब. बेल नाही झाली," लेक म्हणाली.

मी आरशात पाहिलं. रोज या वेळी पायात चपला, हातात किल्ली अशा घाईत असणारे आप्पा, आज अनवाणी, रिकाम्या हातांनी उभे होते. माझे डोळे भरून आले. समोरची गल्ली दिसेना. तरी मी गाडी पुढे काढणार, तोच मागून गेटवर आवाज झाला. एकच. टण्.

मी थांबले. ओढणीनं डोळे पुसले, नीट पुसले, दोन्हीकडे बघितलं.

मग आप्पांनी गेट दोनदा वाजवलं.