बुरुजापासून परत

त्या शुक्रवारी सकाळी आम्ही चौघं इमारतीखाली उभे होतो. मी, माझा नवरा, पुण्याहून आलेल्या वन्सं आणि त्यांचे यजमान. पायाशी बर्फाचा डबा, वन्संच्या डोक्यावर आदल्या दिवशी घेतलेली रुंद काठांची टोपी. हमिदाची गाडी यायची होती. हमिदा कधी उशीर करत नसे. उशीर दुसऱ्यांनी करायचा आणि तिने हॉर्न वाजवायचा, अशी पद्धत. म्हणून मी जरा वैतागूनच फोन लावला. तिच्या नवऱ्याने, सलीमभाईंनी, उचलला. "ताई, ती उठलीच नाही," ते म्हणाले. मागे कुणीतरी रडत होतं. मग पुन्हा तेच, "ताई, ती उठलीच नाही..." झोपेतच हृदय थांबलं होतं. मी फोन ठेवला आणि म्हटलं, "वन्सं, टोपी काढा."

दफन त्याच दिवशी झालं. बायका कबरस्तानात जात नाहीत, म्हणून मी तिच्या घरी थांबले. शेजारणींनी चहाचे थर्मास आणले, मी कप विसळत राहिले. दूध ठेवायला फ्रीज उघडला तर समोर मोठा डबा. मसाला लावून ठेवलेली सुरमई, आमच्या सहलीसाठी. त्या घरात त्या दिवशी चूल पेटायची नव्हती. मी डबा माझ्या घरी नेला, मासे तळले आणि परत आणून तिच्या माणसांना वाढले. टाकून काय द्यायचे? सलीमभाईंनी एक घास खाल्ला आणि ताट बाजूला ठेवलं. मसाला तिचाच होता ना.

हमिदा रत्नागिरीकडची, समुद्राकाठच्या गावातली. इथे आखातात, आमच्या शहराच्या गाला नावाच्या भागात, त्यांचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे आणि माझं ऑफिस त्याच रस्त्यावर. एकदा गाडीची बॅटरी बसली म्हणून मी दुकानात शिरले, घाई होती, ओरडलेही असेन. काउंटरमागून ही म्हणाली, "आधी चहा पी गो. बॅटरी काय पळून जात नाय." तिथून ओळख झाली ती अशी, की पुढे माझ्याकडे पाहुणे येणार असले तर विमानतळावर न्यायला मी आणि डोंगरात फिरवायला ती, हे न बोलता ठरून गेलं. इथे राहणाऱ्या आम्हा लोकांची ही गंमतच आहे. आपण होऊन कुणी काही बघत नाही. पाहुणे आले की किल्ला, पाहुणे गेले की घर आणि ऑफिस. सगळ्या ओळखीपाळखीचे पाहुणे शेवटी हमिदाच्या गाडीत बसायचे. "तुमच्याकडे माणसं येतात आणि सुट्टी माझी जाते," असं म्हणत ती आदल्या रात्रीच टायरमधली हवा तपासून ठेवायची.

रस्ता ठरलेला. आधी रुस्ताकचा किल्ला, मग तिथलाच गरम पाण्याचा झरा, मग डोंगरांच्या मधली वादी, म्हणजे एरवी कोरड्या नदीची दरी. झऱ्यावर ती दमच द्यायची, "काका, पाय बुडवा, साबण नाय लावायचा. आंघोळ घरी केलीत ना?" किल्ल्यापुढे उभं राहून एक पुणेकर काका एकदा म्हणाले, "आमच्या किल्ल्यांपुढे हे काहीच नाही." हमिदा म्हणाली, "असेल. तुमच्याकडे दारापर्यंत गाडी जाते काय?" काकांचे गुडघे दुखत होते. ते हसले आणि तिच्या हाताला धरून आत गेले.

वादीत शिरलं की दोन्ही बाजूंना उघडेबोडके तपकिरी डोंगर आणि तळाशी एकदम खजुराची हिरवी बाग. बागेतून फलज वाहतो. फलज म्हणजे डोंगरातून उताराने आणलेला पाण्याचा पाट, कोकणात सुपारीच्या बागेत असतो तसाच. त्याच्या काठी चटई टाकून आम्ही जेवायचो. मग चढावर एक जुना पहाऱ्याचा बुरूज आहे, तिथपर्यंत चालायचं, फोटो काढायचे, आणि हमिदा टाळी वाजवायची. "यल्ला, इथून परत." वास्तविक वाट बुरुजामागून पुढे जाते. वर दगडी घरांचं सोडून दिलेलं गाव आहे आणि तिथेच कुठेतरी या पाटाचं मूळ आहे म्हणतात. इतक्या खेपा झाल्या, पण ती कधी त्या वाटेला लागली नाही. एकदा मी म्हटलं, "चल, दोघीच जाऊन बघून येऊ." तर म्हणाली, "ते अम्मासाठी ठेवलंय."

अम्मा म्हणजे तिची आई. नवरा गेल्यापासून ती गावात एकटी बाग सांभाळत होती आणि दरवर्षी न येण्याचं नवीन कारण देत होती. सुपारी काढायची आहे. म्हैस व्यायली आहे. पाटाला पाणी आलं, आता कोण सोडणार? हमिदा बागेतून फोनवर तिला फलज दाखवायची. अम्मा म्हणायची, "फोनात काय पाणी बघायचं? हात घातल्याशिवाय पाणी कळतंय काय?" अम्मासाठी हमिदाने एक घडीची खुर्चीही घेतली होती, हातांची आणि भक्कम. ती गाडीच्या डिकीत पडून असायची, वरचं प्लास्टिकसुद्धा न काढलेली. माझ्या सासूबाईंनाही त्यात बसू दिलं नाही, त्यांच्यासाठी वेगळं स्टूल. मला हे पटत नसे. मी म्हणायचे, "अगं, आपण आधी बघू, अम्मा आल्या की त्यांना पुन्हा दाखव." ती म्हणाली, "दाखवून दाखवून कंटाळा आलाय मला. एक तरी जागा मला दाखवायची नाय. तिच्यासंगं बघायचीय."

या वर्षी अम्मा हो म्हणाली. पासपोर्ट झाला, व्हिसा आला, तिकीट आलं. हमिदाने दुकानातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं. आणि मग तो शुक्रवार...

अम्मा त्याच तिकिटावर आली. सलीमभाई म्हणाले होते, आता कशाला, तब्येत सांभाळा. ती म्हणाली, तिनं काढलेलं तिकीट आहे. आली, कबरस्तान दुरून पाहिलं, मुलीच्या पलंगावर झोपली. जायच्या आधी मला म्हणाली, "ती सगळ्यांना नेत होती तिथे मला ने." मला डोंगरातला रस्ता जमत नाही, सलीमभाईंनी गाडी चालवली. किल्ला झाला, झरा झाला. बागेत अम्माने पाटात कोपरापर्यंत हात घातला आणि बराच वेळ काढला नाही. सलीमभाई गाडीपाशी थांबले. मी एका हातात पाण्याची बाटली आणि दुसऱ्या हातात खुर्ची घेऊन अम्माबरोबर बुरुजापर्यंत चढले. वाट पुढे जाताना दिसत होती.

"हमिदानं हे वरचं बघितलंन होतं?" तिने विचारलं.

"नाही. तुमच्याबरोबर बघणार होती."

ती वर बघत राहिली. चढ तिला जड नव्हता, रोज बागेत राबणारी बाई. मी म्हटलं, "चला, हळूहळू जाऊ." ती म्हणाली, "नको. राहू दे तिचं."

मग तिने माझ्या हातातून खुर्ची घेतली. प्लास्टिक काढलं, फाटू न देता, त्याची घडी घातली आणि पावसात उपयोगी पडेल म्हणून पिशवीत ठेवली. खुर्ची उघडून दगडांवर नीट टेकवली. मला वाटलं, आता बसेल. "तू बस," ती म्हणाली. "आल्यापासून बघतंय, उभीच हायस." मी नको म्हटलं. तिने माझ्या खांद्यावर हात दाबला. पाटाच्या पाण्याने तो अजून गार होता. मी बसले... आणि मग मला लवकर उठता आलं नाही. अम्मा खाली दगडावर बसून राहिली.

परत जाताना तिने खुर्ची नेली नाही. ती आता माझ्या गाडीत असते. मी डोंगरातला रस्ता शिकते आहे, सलीमभाई शेजारी बसून ब्रेक, ब्रेक म्हणून ओरडतात. परवा माझे मामा-मामी येऊन गेले. बुरुजापाशी मी मामींसाठी खुर्ची उघडली, फोटो काढले, टाळी वाजवली. मामींनी विचारलं, "वर काय आहे गं?"

"मी पाहिलं नाही," मी म्हटलं. "इथून परत."