निजामचा लॅपटॉप आणि भीमाच्या लेकीचं लग्न

अहमदपुरात बसस्टँडसमोर निजामोद्दीनचा फोटो स्टुडिओ आहे आणि त्याला लागून माझं झेरॉक्सचं दुकान. मधली भिंत पत्र्याची आहे, त्यामुळे त्याचं बोलणं, खोकणं, चिडणं मला बसल्या जागी ऐकू येतं. त्या दिवसांत नुसतं चिडणंच ऐकू येत होतं.

त्याचा लॅपटॉप चालू होत नव्हता. बटण दाबलं की कंपनीचं नाव यायचं, मग काळा पडदा आणि त्यावर एकच ओळ, की बूट करायला डिस्क सापडत नाही. एखाद्या सकाळी, गार असताना, तो शहाण्यासारखा सुरू व्हायचा. निजाम अल्लाचे आभार मानेपर्यंत पुन्हा काळा.

"संघपालभाऊ, हा पुरा मेला असता तर रडून मोकळा झालो असतो," तो मला म्हणाला. "ह्यो मरूनबी नाही राहिला अन् जगूनबी नाही राहिला."

निजाम लग्नांचं शूटिंग करतो. पेनड्राइव्हवर दिलं तरी आमच्याकडं त्याला अजून कॅसेटच म्हणतात. लग्नसराईत फक्त शूटिंग, एडिटिंग मृग लागल्यावर. तोवर सगळी लग्नं लॅपटॉपमधल्या एसएसडीवर, म्हणजे आतल्या डिस्कवर, पडून असतात. कॅमेऱ्यातलं कार्ड लगेच पुसायचं, कारण उद्या दुसरं लग्न. आणखी एक प्रत कुठंतरी ठेव म्हणून मी घसा कोरडा केला. तो "हाव" म्हणायचा आणि विसरायचा.

त्या पडून असलेल्या लग्नांत भीमाच्या लुंबिनीचंही लग्न होतं. भीमा आमच्याच गल्लीतला, सेंट्रिंगच्या कामावर जाणारा. त्या लग्नात मी जेवलो होतो. भीमानं स्वतः माझ्या पत्रावळीवर बुंदी वाढली होती, नको म्हणालो तरी. पुढं थोड्याच दिवसांत कामावर असताना छातीत कळ आली आणि माणूस गेला. घरात त्याचा फोटो आहे तो आधार कार्डावरून मोठा केलेला. तो मीच काढून दिला, आणि त्यात भीमा भीमासारखा दिसत नाही.

लुंबिनी सासरहून, बिलोलीहून, निजामला फोन करायची. "चाचा, आबा चालता-बोलता फकस्त तुमच्या कॅसेटमधी हाय. मला घाई न्हाई. पण हाय ना?"

"हाय ना बेटा," निजाम म्हणायचा, आणि फोन ठेवून लॅपटॉपकडं असा बघायचा की मला त्या यंत्राची कीव यायची.

गावातल्या मोबाईलवाल्यानं लॅपटॉप नीट बघितलाही नाही. म्हणाला, फॉरमॅट मारू, विंडोज टाकू, एकदम नवा होऊन जाईल. निजामनं त्याचा हात धरला म्हणून वाचलं. मग तो लातूरला गेला. तिथं एसी होता, काचेचं दार होतं आणि उत्तर तेच होतं. मग नांदेड. ज्या दुकानात ही एसएसडी बसवून घेतली होती, त्या जागी आता चपलांचा सेल लागलेला. शेजारच्यानं लॅपटॉप चालू करून पाहिला आणि म्हणाला, फॉरमॅट. मला या जमातीचा मनापासून राग आहे. ताप आला म्हणून दवाखान्यात जावं आणि डॉक्टरनं म्हणावं, अगदी ठणठणीत करतो, फक्त बायकोपोरांची नावं आठवणार नाहीत, त्यातलाच हा प्रकार.

नांदेडहून तो परत आला तेव्हा दुपारच्या उन्हानं आणि संतापानं लाल झाला होता. आला तो थेट पेचकस घेऊन बसला. "आता मीच फाडतो ह्याला."

"अरे, आहे तेही जाईल," मी म्हणालो.

"जाऊ द्या. निदान माझ्या हातानं जाईल."

त्यानं मागचं झाकण उघडलं. आत एसएसडी, अंगठ्याएवढ्या रुंदीची पट्टी. तिचं एक टोक खाचेत बसतं आणि दुसरं टोक एका बारीक स्क्रूनं दाबून ठेवायचं असतं. स्क्रू नव्हताच. बसवणाऱ्यानं त्या जागी चिकटपट्टी लावली होती. आमच्या उन्हाळ्यात तिचा डिंक पातळ झाला होता आणि एसएसडी खाचेतून वर उचलली गेली होती. लॅपटॉप तापला की आणखी उचलायची. मग निजामनं ज्या शिव्या दिल्या त्या दखनीत होत्या आणि मला सगळ्या कळल्या.

माझ्याकडं एक बंद पडलेला लॅपटॉप होता. त्यातला स्क्रू काढून बसवला. बटण दाबलं, आणि सगळी लग्नं जिथल्या तिथं होती.

आधी प्रत काढून घेतली. लुंबिनी रविवारी एसटीनं आली. निजामनं तिला खुर्ची दिली आणि लग्न लावलं.

पांढऱ्या साडीतली लुंबिनी, बुद्धवंदना, फुलांच्या पाकळ्या, हार, पाहुण्यांचे सत्कार. भीमा नव्हता. मग पडद्याच्या कडेला एक खांदा आला आणि निजामचाच आवाज आला: "भीमाभाऊ, बाजूला व्हा. पोरीवर सावली पडून राहिली." खांदा गेला. पुढं जेवणाच्या पंगतीत बादली धरलेला हात आला. "भीमाभाऊ, मधी नका येऊ." हात गेला. फोटोला सगळे उभे राहिले तेव्हा भीमा खुर्च्या उचलत होता, पाठमोरा. दर वेळी तोच आवाज, दर वेळी तो निमूट बाजूला.

निजामनं मान खाली घातली होती. मला त्याच्याकडं बघवेना. एवढी वणवण करून वाचवलं ते हे.

"बेटा, माझी बडबड काढून टाकतो," तो शेवटी म्हणाला. "सगळीच काढतो आपण. वरून गाणं टाकतो."

लुंबिनीनं डोळे पुसले नाहीत. "मागं घ्या चाचा. ते बाजूला व्हा म्हणाल्यालं."

त्यानं मागं घेतलं. भीमाभाऊ, बाजूला व्हा. आणि त्याच्या पाठोपाठ, भोंग्याच्या आवाजात बुडालेलं, घाईघाईनं, खुशीत म्हटलेलं: "हाव हाव, झालो."

"तुमचा आवाज राहू द्या," ती म्हणाली. "त्याच्या मागंच आबा बोलतोय."

निजामनं तिला दिलेल्या कॅसेटमध्ये एकही गाणं नाही.